खोक्याचा पुठ्ठा, पेरूचं पान

चाकण पट्ट्यात टंचाई कशाचीही असेल, पुठ्ठ्याची नाही. कुरुळीच्या आसपासच्या कारखान्यांत सुटे भाग खोक्यांतून येतात-जातात आणि रिकामी खोकी भंगारात किलोवर जातात. तरी घरी भेटकार्ड करायचं म्हटलं की आपण ‘टेक्स्चर’चा महागडा कागद मागवणार! साध्या खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट थरांमध्ये एक नागमोडी थर असतो. वरचा थर किंचित ओला करून सोलला की पन्हाळीदार पार्श्वभूमी तयार. कागदाचे कपटे चिकटून राहिले तर राहू द्यावेत, मजा त्यातच आहे. वरून पांढऱ्या रंगाचा कोरडा हात फिरवला की कंगोरे उठून दिसतात. कार्डावरचा पानाचा ठसा मात्र थेट पन्हाळीवर घेतला तर तुटक उमटतो. तो वेगळ्या हातकागदावर घ्यावा आणि मग पन्हाळीवर चिकटवावा. असा कागद पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून सुती चिंध्यांपासून होत आला आहे. आणि कुरुळीवरून जाणारा नाशिक रस्ता ज्या जुन्नरकडे नेतो, तिथला जुन्नरी कागद तर पेशवाईच्या दफ्तरांत वापरात होता. पान पेरूचं घ्या, त्याच्या शिरा मागून ठसठशीत असतात. आंब्याचं गुळगुळीत पान दिसायला देखणं, ठशाला कुचकामी. रंग मागच्याच बाजूला स्पंजने टिपून लावायचा. ब्रशने शिरांमधल्या खाचा बुजतात. ठसा वाळल्यावर कागद कात्रीने कापू नका, कडेला पाण्याची रेघ ओढून हाताने फाडा. दोरेदार कड निघते.