साखरेचा फलक आणि भेटीचा रविवार

मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. आमच्या मेसच्या दाराशीही तो लागला. 300 मिलिलिटर कोलात 30 ग्रॅमहून जास्त, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते, हे वाचून पहिल्या दिवशी आम्ही चकित झालो. आठवड्याभराने त्याकडे बघेनासे झालो. भेटीच्या रविवारी आईने आणलेली कोलाची बाटली सगळ्यांत आधी मीच उघडली.

मला वाटते, नुसते 'नको' सांगून भागत नाही. बाबा अजूनही दूरदर्शनवरची अंड्यांची जाहिरात गुणगुणतात. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या त्या जाहिरातीने कुणाला घाबरवले नाही. रविवार असो की सोमवार, अंडे खा, एवढेच हसतखेळत सांगितले. शिवाय अंडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते. ऐकले की लगेच खाता येत होते.

म्हणून त्या फलकाशेजारी दुसरा फलक हवा. क्रॉस-कंट्रीआधी केळे, पीटीनंतर भिजवलेले हरभरे, उन्हातून आल्यावर ताक. तो आम्ही कॅडेटांनीच लिहावा, दर आठवड्याला एका हाउसने. मोठ्यांचा उपदेश आम्ही विसरतो, मित्राने लिहिलेली गमतीची ओळ विसरत नाही. मात्र फलकावर लिहिलेले कॅन्टीनमध्ये मिळालेही पाहिजे.

पालकांना एक विनंती. पुढच्या रविवारी घरच्या थालीपिठांचा डबा आणा. कोलाची बाटली आणलीत, तर मी ती पिणारच. फलक काही माझा हात धरत नाही.