चतुर्थी विभक्तीतली माणसे

डिसेंबरची तीन तारीख जवळ आली, की नांदेड-लातूरकडच्या मराठी विभागांत एका विशिष्ट प्रकारचे लेखन तपासणीसाठी येऊ लागते. अपंगांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांचे वार्षिक अहवाल, देणगीदारांची मानपत्रे, साहित्य-वाटपाच्या निमंत्रणपत्रिका. 'सर, जरा भाषा पाहून द्या' एवढीच विनंती असते. ऱ्हस्व-दीर्घ पाहावे, एकाच पानावर तीनदा आलेली 'सामाजिक बांधिलकी' दोनदा खोडावी आणि कागद परत करावेत, अशी अपेक्षा. आम्ही भाषेचे शिक्षक आहोत. भाषा पाहायला सांगितलीच आहे, तर ती नीट पाहिल्यावर काय दिसते ते मांडणे हे आमचे कामच ठरते.

दिसते ते असे, की या अहवालांत अपंग माणूस कर्ता म्हणून कोठेच येत नाही. 'अपंगांना तीनचाकी सायकलींचे वाटप करण्यात आले', 'अंध विद्यार्थ्यांना पांढऱ्या काठ्या प्रदान करण्यात आल्या', 'कर्णबधिरांसाठी तपासणी शिबिर आयोजित करण्यात आले'. पानामागून पाने हीच रचना. 'करण्यात आले' म्हणताना देणारा विनयाने वाक्यातून बाजूला होतो खरा, पण शेजारच्या छायाचित्रात तोच मध्यभागी असतो. घेणारा मात्र वर्षानुवर्षे चतुर्थीत बसलेला आहे. संप्रदान हा चतुर्थीचा कारकार्थ आपण शाळेत शिकलो : ज्याला द्यायचे तो. दिल्यावर त्याचे काय झाले, हे सांगायची जबाबदारी त्या विभक्तीवर नाही. अहवालानेही ती कधी घेतलेली नाही.

ही व्याकरणाची कुरापत आहे असे कोणी म्हणेल. तसे असते तर आम्ही दोन दुरुस्त्या सुचवून गप्प बसलो असतो. पण वाक्यरचना ही हिशेबाची रचना असते. या अहवालांचे मोजमापाचे एकक वस्तू आहे : इतक्या सायकली, इतकी श्रवणयंत्रे, इतक्या कुबड्या. तीनचाकी सायकलच घ्या. हाताने फिरवायची, साखळीवर चालणारी ही गाडी आमच्याकडच्या काळ्या जमिनीच्या गावांत पावसाळाभर घराबाहेर निघत नाही. चिखल चाकाला धरतो, साखळी गंजते, पुढे उन्हाळ्यात टायर तडकतो. गावातल्या सायकलवाल्याकडे तिचे सुटे भाग नसतात. तालुक्याला न्यायची तर टेम्पोचे भाडे पडते. शेवटी ती गोठ्याच्या कडेला उभी राहते आणि तिच्यावर कडबा रचला जातो. अहवालात मात्र ती अजून चालतेच आहे. पुढच्या वर्षी तशीच दुसरी कोणाला तरी दिली जाते आणि आकडा वाढतो. 'दुरुस्ती' नावाचा रकाना असलेला एकही अहवाल आमच्या टेबलावर आजवर आलेला नाही.

सहायक साधनांसाठी केंद्र सरकारची 'एडिप' ही योजना १९८१ पासून आहे. एकदा मदत घेतल्यावर तीन वर्षे पुन्हा मिळत नाही, पण बारा वर्षांखालच्या मुलाला वर्षभरानंतर मिळू शकते, असा तिचा नियम. वाढत्या मुलाला मागल्या वर्षीचा पाय यंदा आखूड होतो, हे निदान सरकारी कागदाला ठाऊक आहे. सेवाभावी कागदाला ते ठाऊक नसावे, ही गोष्ट चमत्कारिक नव्हे काय? आणि पाय म्हटल्यावर 'जयपूर फूट'ची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९६८ साली रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला, तो आपली माणसे कशी जगतात हे पाहून. उकिडवे बसता यावे, मांडी घालता यावी, अनवाणी चालता यावे, शेतातल्या ओलीत उभे राहता यावे. परदेशी बनावटीचा पाय बुटात घालायचा होता. हा मातीत ठेवायचा होता. त्या वस्तूच्या आधी कोणी तरी माणूस पाहिला होता.

लातूर जिल्ह्याला तर हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, त्याने हजारो माणसे नेली, तशी कितीतरी माणसे हातपाय, पाठीचा कणा गमावून मागे राहिली. मदतीचा पूर आला, नवी गावठाणे वसली. त्या पहाटे जायबंदी झालेले दहा वर्षांचे मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. त्याचे अपंगत्व तीस वर्षांहून अधिक काळ रोज सकाळी त्याच्याबरोबर उठते. एप्रिल ते मार्च असा त्याचा ताळेबंद मांडता येत नाही.

रोजचे काम कसे असते, ते पाहायलाही दूर जावे लागत नाही. लातूरजवळ हरंगुळला जनकल्याण समितीचे 'संवेदना' हे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीचे केंद्र आहे. अशा मुलांच्या आखडलेल्या स्नायूंना दिवसेंदिवस व्यायाम द्यावा लागतो आणि फरक महिन्यांनी दिसतो. त्याचे वाटप करता येत नाही, म्हणून व्यासपीठही उभारता येत नाही. आनंदवनात कुष्ठमुक्त आणि अपंग माणसे शेती करतात, हातमाग चालवतात. तेथे ती प्रथमा विभक्तीत आहेत. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली, ती स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' असे आहे. आमच्या वाङ्मयाने अपंगत्वाकडे सहसा आईबापांच्या दुःखातून पाहिले. जयवंत दळवींचे 'नातीगोती' हे थोर नाटकही त्या घुसमटीचेच आहे. ज्याचे शरीर आहे त्यानेच 'मी' म्हणावे, असे पुस्तक मराठीत असताना ते आपल्या किती अभ्यासपत्रिकांत आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

शब्दांचे म्हणाल तर शब्द आम्ही भराभर बदलले. अपंग, विकलांग, डिसेंबर २०१५ पासून दिव्यांग. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही झाला. वाटपाच्या कार्यक्रमाला मात्र दिव्यांग मांडवात आणि पाहुणे चार पायऱ्यांच्या व्यासपीठावर. उतार केलेला नसतो, म्हणून सत्कारमूर्ती खाली उतरून सायकलीला हात लावतात आणि त्यांच्या त्या उतरण्याचे निवेदक कौतुक करतो. असो.

कायदा मात्र आता चतुर्थीत बोलत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा ठेवायला सांगितल्या. १५ जून २०१७ ला नियम निघाले, तेव्हापासून पाच वर्षांत अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या. ती मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केले, की सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत. मराठी विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, अशी महाविद्यालये आपल्या भागात किती आहेत, हे आपण सगळे जाणतो. अशाच एखाद्या महाविद्यालयाच्या प्रांगणात तीन डिसेंबरला सायकली वाटल्या जातात.

'जे काहीच करत नाहीत त्यांनी करणाऱ्यांवर टीका करू नये', हे उत्तर आम्हांला मिळेल. ज्याला सरपटत जावे लागत होते त्याला सायकल मिळाली, तर ती मोठीच गोष्ट आहे. ती कोणी बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. देणाऱ्याने दोन वर्षांनी त्या दारात परत जावे, आणि जे दिसेल ते अहवालात लिहावे, इतकेच म्हणतो. पण या उत्तरात एक खरा प्रश्न आहे, तो आपल्या विभागांकडे वळतो. अंध विद्यार्थ्याला संस्था काठी देते. बी.ए.च्या वर्गात त्याला लागते ते पुस्तक. 'एनव्हीडीए' हा पडदा-वाचक २००६ पासून फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. पण आपल्याकडची टिपणे आणि पुष्कळशी पुस्तके श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत बसवलेली. त्यांची पीडीएफ उघडली, की वाचक रोमन अक्षरांची निरर्थक भरड कानात ओततो. मर्ढेकर त्या विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाहीत, ते टंकामुळे. युनिकोडमध्ये मजकूर ठेवायला देणगीदार लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायदाही अशा विद्यार्थ्यासाठी वाचनसुलभ प्रत करू देतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा महाविद्यालयांत पेढे वाटले गेले. हेही वाटपच.

परीक्षेचेही तेच. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून एक पायरी खालच्या वर्गातला हवा. साहित्यशास्त्राच्या पेपरला बसलेली मुलगी 'साधारणीकरण' म्हणते आणि शेजारचा मुलगा ते कसे लिहावे म्हणून थांबतो. तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळायला हवा, तो पुष्कळदा पर्यवेक्षकाला ठाऊकच नसतो. ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चाळीस टक्क्यांचा दाखला नसला तरी लिहिण्यात खरी अडचण असलेल्याला लेखनिक नाकारता येत नाही. हा निकाल आपल्या परीक्षा विभागांच्या सूचनाफलकावर कितीजणांनी पाहिला?

यंदा जे अहवाल आमच्याकडे येतील, त्यांच्या समासात आम्ही तीन प्रश्न लिहून ते परत करणार आहोत : मागील वर्षी दिलेली किती साधने आज वापरात आहेत, दुरुस्तीवर किती खर्च झाला, आणि संस्थेच्या कार्यकारिणीत स्वतः अपंग असलेल्या व्यक्ती किती. शुद्धलेखन त्यानंतर पाहू. आणि अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत क्रमिक पुस्तकांच्या याद्या येतील, तेव्हा प्रकाशकांकडून युनिकोड प्रत लेखी मागावी, असा ठराव मांडू. अनुमोदनासाठी सहकाऱ्यांनी नावे कळवावीत.