बोर्डो फवारायचं की प्यायचं?

"बोर्डो? अरे, ते तर फवारायचं असतं!"

मामाचा आवाज निफाडहून मोबाईलमध्ये आला तेव्हा मी स्लोटरडाइक स्टेशनाबाहेर पावसात, एका वाईनच्या दुकानासमोर उभा होतो. २०२५ चा नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारचे साडेचार. म्हणजे तिकडे रात्रीचे नऊ, मामाची जेवणं आटोपून ओट्यावर बसायची वेळ. आत दुकानदाराने युरोपातल्या नव्या सालांच्या रेड वाईन चाखायला ठेवल्या आहेत, बोर्डोच्या जास्त, असं मी सांगितलं आणि वरचं उत्तर मिळालं.

मंडळी, द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी म्हणजे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. निळं पाणी, निळी पानं, निळे हात. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलो की ड्रमात काठीने ते ढवळायचं काम आम्हा पोरांचं. बोर्डो नावाचं फ्रान्समध्ये शहर आहे हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

आणि हे औषध खरोखरच तिथलं. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून डाऊनी (आपल्याकडे जुने लोक केवडा म्हणतात) फ्रान्सच्या वेलींवर उतरला. मेदोक भागातले बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर चुना आणि मोरचूद शिंपडून ठेवत, हेतू एवढाच की येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षं चोरून खाऊ नयेत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिल्यात. १८८५ मध्ये त्याने कृती छापली. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला!

असो. स्लोटरडाइक म्हणजे पर्यटकांनी फोटो काढावेत असं आम्स्टरडॅम नव्हे. काचेच्या ऑफिसांच्या इमारती, एकावर एक चढवलेले रेल्वेचे फलाट, आता नव्याने होऊ घातलेली घरं. मधे जुन्या गावाचं इवलंसं चर्च उरलंय. डाइक म्हणजे बांध. गावच मुळी बांधावरचं आणि १९२१ पासून आम्स्टरडॅमच्या पोटात. डेल्फ्टला पीएच.डी. करून मी इथे सेन्सर्सच्या कामाला लागलो, त्याला आता सहा वर्षं होतील. बांध आणि पंप या विषयावर डच माणसाशी वाद घालू नये हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. दुकानदाराचंही म्हणणं तेच, की सतराव्या शतकात मेदोकची दलदल उपसून कोरडी केली ती डच लोकांनीच. अभिमान सोडून दिला तर हे खरंही आहे. आज जगातल्या महागड्या रेड वाईन जिथे होतात, त्या भागातल्या पाण्याचा निचरा हॉलंडच्या माणसांनी करून दिलाय. ब्रँडी हा शब्दही त्यांच्याच 'ब्रांदेवेइन'वरून, म्हणजे जाळलेली वाईन.

तर आता सालांकडे वळू. वाईनच्या बाटलीवर छापलेलं साल म्हणजे द्राक्षं तोडली ते साल. दुकानदार पंचावन्न-साठीचा, बोलका, आणि त्याची भाषा मला भारी आवडते. आपल्याकडच्या लग्नाच्या स्थळांसारखी ती उलगडून वाचावी लागते. 'गृहकृत्यदक्ष' म्हटलं की आपण काय ते समजतो ना, तसंच. 'क्लासिक साल' म्हणजे उन्हाळा थंड गेला. 'लवकर पिण्याजोगी' म्हणजे टिकणार नाही. 'जेवणाबरोबर खुलते' म्हणजे नुसती प्याल तर दात आंबतील. वाईट साल मात्र त्याच्या दुकानात कधीच येत नाही.

२०२१ ला एप्रिलमध्ये फ्रान्सभर दहिवर गोठलं, बागांमध्ये रात्री मेणबत्त्या पेटवून कोवळे कोंब वाचवावे लागले. त्याच्या मते ते क्लासिक. २०२२ कडक ऊन आणि दुष्काळ, दाट, जोरकस वाईन, सगळ्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली. मला त्यातल्या एकीत मद्याची झणझण जास्त वाटली, पण माझं कोण ऐकतो. २०२३ मध्ये बर्गंडीत भरघोस पीक आणि बोर्डोत मेर्लोवर डाऊनीचा हल्ला. मध्य आणि दक्षिण इटलीत तर त्या वर्षी डाऊनीने हाहाकारच केला. २०२४ पावसाचं, फ्रान्सचं एकूण उत्पादन आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ पाव घटलेलं. बोर्डोची २०२४ तेव्हा अजून पिंपातच होती, पण तिची विक्री आधीच होऊन गेलेली. तिथली रीत अशी की कापणीनंतरच्या वसंतात व्यापारी पिंपातली वाईन चाखतात, भाव ठरतो, पैसे मोजले जातात आणि बाटली घरी येते आणखी दीड-दोन वर्षांनी. २०२४ ला बड्या शातोंनी वीस-तीस टक्के भाव उतरवूनही गिऱ्हाईक फारसं हाललं नाही. दुकानदार या सालाला 'मोहक' म्हणाला. मी वहीत लिहून घेतलं: मोहक = पाऊस.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही. बाटलीला शंभरपैकी ९३ गुण, ९५ गुण, पण त्रुटीची मर्यादा कुठेच नाही. आमच्याकडे असा आकडा घेऊन गेलो तर गाईड दारातूनच परत पाठवतील. हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकाचा २००८ साली छापलेला अभ्यास आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यात परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन त्यांच्या नकळत तीनदा दिली. साधारण दहातल्या एकालाच तिन्ही वेळा मिळतेजुळते गुण देता आले. (हा हॉजसन स्वतः वाईन करणारा, म्हणजे वैर नव्हतं.)

त्याउलट प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ॲशेनफेल्टर. त्यांनी बोर्डोच्या जुन्या सालांचे भाव घेतले आणि चारच गोष्टींशी जुळवले: हिवाळ्यातला पाऊस, एप्रिल ते सप्टेंबरचं सरासरी तापमान, कापणीच्या तोंडावरचा पाऊस आणि वाईनचं वय. एवढ्यावर भावातला ऐंशी टक्क्यांहून जास्त चढउतार सांगता आला. चव न घेता! तज्ज्ञ भडकले, रॉबर्ट पार्करसारखा समीक्षकांचा राजा तर चांगलाच. मला मात्र ते पटतं. साल म्हणजे हवामान, त्यावर चढवलेलं बाकी सगळं विशेषणांचं काम. फक्त एक अडचण आहे. त्या सूत्रात जितकं ऊन जास्त तितकी वाईन चांगली, पण ते बसवलंय जुन्या, थंड वर्षांवर. ज्या पट्ट्यात उपकरण कॅलिब्रेट केलं त्याच्या बाहेर ते वापरू नये हे आम्ही पहिल्या सत्रात शिकतो. बर्गंडीतल्या बोन गावात १३५४ पासूनच्या कापणीच्या तारखा नोंदलेल्या आहेत. १९८७ पर्यंत सरासरी तारीख २८ सप्टेंबर, १९८८ नंतर तीच तेरा दिवस अलीकडे. बोर्डोने तर २०२१ मध्ये पोर्तुगालच्या तोरिगा नासिओनालसारख्या उन्हाला सोसणाऱ्या जातींनाही परवानगी दिली. थोडक्यात सांगायचं तर पट्टा सुटलाय.

मामाला हे सगळं सांगत बसलो नाही. त्याने फोन केला होता वेगळ्याच कामासाठी. "एक माणूस आलता," तो म्हणाला, "वाईनची द्राक्षं लावा म्हणतो. करार करू, रोपं आम्ही देऊ. तू तिकडं असतो, तुला कळत असंल. लावू का?"

इथे थोडा इतिहास. महाराष्ट्राचं द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ सालचं. विंचूरला वाईन पार्क झाला, नाशिकचं नाव गाजलं, आणि २००७ मध्ये मामाने दोन एकर थॉमसन काढून शिराझ आणि कॅबर्ने लावली. एका वायनरीचा करार होता. २००८ च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाईन टाक्यांत पडून राहिली आणि पहिलं भरीव पीक हाती आलं तेव्हा वायनरीने फोन उचलणं बंद केलं. वाईनच्या द्राक्षाचं दुखणं असं की ते बाजारात विकता येत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. गिऱ्हाईक तोंडात टाकून थुंकतं. २०१० मध्ये मामाने ती बाग उपटली. नाशिक भागात तेव्हा अशा पुष्कळांनी उपटल्या. त्याच वर्षी खायच्या द्राक्षांचंही युरोपात क्लोरमेक्वाटच्या अंशांवरून अडलं, म्हणजे दोन्हीकडून मार. मामीच्या पाटल्या त्या वर्षी गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि माझी फी मात्र वेळेवर भरली गेली.

म्हणून प्रश्न साधा नव्हता.

माझं मत विचाराल तर वाईनबद्दल आपल्याकडे भलत्याच मुद्द्यावर भांडण होतं. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र' अशी आरोळी उठली. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावरच राहिला. एक बाजू संस्कृती बुडाली म्हणत होती, दुसरी शेतकऱ्याचं भलं होणार म्हणत होती. शेतकऱ्याच्या हातातला करार काय म्हणतो हे कोणीच वाचून दाखवलं नाही. इथे आम्स्टरडॅममध्ये वाईन सुपरमार्केटात दुधाच्या पलीकडच्या रांगेत असते. त्याने कोणा बागवाल्याचं आपोआप भलं होत नाही. बोर्डोकडेच बघा. नावाजलेले शातो मूठभर, बाकी हजारो बागवाले व्यापाऱ्याला घाऊक वाईन देतात, खर्चही निघणार नाही अशा भावाने. २०२३ मध्ये तिथे हेक्टरी सहा हजार युरो देऊन सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बागा उपटायची योजना आली आणि त्याच वर्षी जादा वाईन गाळून औद्योगिक अल्कोहोल करायला फ्रान्सने वीस कोटी युरो काढले. बागा तिथेही उपटल्या. फरक एवढाच की उपटायचे पैसे मिळाले.

आणि आपल्याकडे साल कोणी मोजतच नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडवर गारा पडल्या, त्या बागांच्या मालकांना ते साल जन्मभर लक्षात राहील. २०२५ ला मेपासून पाऊस थांबेना. "गोडी छाटणी केली तं काडीत घडच न्हाई, नुसते गोळी घड," मामा सांगत होता. थंड वर्ष बोर्डोत 'क्लासिक' होऊन विकलं जातं, निफाडला त्याच वर्षाचं नाव नुकसान आणि वर पंचनामा.

मी म्हटलं, "मामा, लावा म्हणत नाही, नको म्हणत नाही. वेल तीन वर्षांनी धरतो आणि पंधरा वर्षं उभा राहतो. तो माणूस किती वर्षं घेणार ते आधी लिहून घ्या. भाव साखरेवर ठरणार असेल तर साखर मोजणार कोण, तेही. आणि पावसाने साखर भरलीच नाही तर काय?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामाने विचारलं, "त्या तुझ्या दुकानदाराला विचार, तिकडं डाऊनीला मारतात काय?"

विचारलं. अजूनही तांबंच, विशेषतः सेंद्रिय बागांत, पण युरोपात आता मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला चार. मी तिथेच हिशेब केला. हेक्टरी हजार लिटर एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे दहा किलो मोरचूद, त्यात तांबं अडीच किलो. जेमतेम दीड फवारणीत वर्षाचा कोटा खलास. मामाला सांगितलं तर तो हसत सुटला. "दीड? मग ते पावसात करत्यात काय, आरती?"

त्या दिवशी मी मोहक २०२४ ची एक साधी, ऱ्होनकडची बाटली घेतली. बरी होती. आंबट.

परवा मामाने कराराचे फोटो व्हॉट्सॅपवर पाठवले. दोन पानं आहेत. रोपांचे पैसे कसे वळते करायचे ते सविस्तर आहे. खरेदीची हमी किती वर्षं, तिथे ठिपक्यांची रेघ आहे आणि ती कोरी आहे.