रबराचे पैसे आणि कामाचे पैसे

तालुक्याच्या गावी आमच्या दादांचे चार पत्र्यांचे गॅरेज आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी कुणी ‘वडील काय करतात?’ असे विचारले, की ‘व्यवसाय’ एवढेच सांगून मी गप्प बसत असे. यंदा वक्तृत्व स्पर्धेत एक मित्र म्हणाला, ‘ज्यांना अभ्यास जमत नाही त्यांनी हाताचे काम शिकावे, तिथे डोके लागत नाही.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हे कबूल करते. त्या टाळ्या मला अजून बोचतात, म्हणून हा लेख.

श्रावणातल्या एका शनिवारी दादांकडे मारुती ओम्नी आली. या गाडीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, तरी आमच्याकडे शाळेची मुले अजून तिच्यातूनच ये-जा करतात. मालकाची तक्रार अशी की खड्ड्यात मागून ‘टक् टक्’ वाजते आणि वळणावर गाडीचा मागचा भाग झुलतो. दुसऱ्या एका गॅरेजात दोन्ही शॉकअप बदलून झाले होते. आवाज जिथल्या तिथे!

जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती शिकताना मी वर्गात जांभया दिल्या होत्या. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. दादांनी मिलचे नावही ऐकलेले नाही. ते एवढेच म्हणाले, “शॉकअप नवे, आवाज जुना. म्हणजे दुखणं तिथं नाही.”

मग गतिरोधकावरून एक चक्कर. मी मागे बसून ऐकत होते. परत आल्यावर पुढच्या चाकांना उटी लावली, गाडी जॅकवर उचलली आणि भक्कम जागा बघून खाली घोड्या दिल्या. बॅटरी माझ्या हातात.

ओम्नीच्या मागच्या ॲक्सलला पाटे असतात. पाट्याचे पुढचे टोक बोल्टने जागेवर धरलेले, मागचे शॅकल नावाच्या छोट्या दुव्याला अडकवलेले. कारण ओझे पडले की पाटा सपाट होऊन लांबतो, त्याला सरकायला वाव हवा. दोन्ही टोकांच्या डोळ्यांत रबराचे बुश असतात. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून ही सोय. रबर झिजले की बोल्ट डोळ्यात मोकळा खेळतो, ॲक्सल किंचित मागेपुढे होतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी वेडीवाकडी ओढते. टायरही वेळेआधी झिजतात.

दादांनी टॉमी घालून डोळा दाबला. डावीकडचा जेमतेम दबला. उजवीकडचा सरळ वर उचलला गेला आणि रबराचा काळा भुगा माझ्या बाहीवर पडला. सापडले!

सापडल्यावर मात्र खरा घाम. ॲक्सलखाली वेगळा जॅक देऊन पाट्यावरचा भार काढायचा. गंजून बसलेला बोल्ट दोन तास हलेना. जुने रबर खरवडून काढले, डोळा पॉलिश कागदाने साफ केला. नवा बुश बसवताना ग्रीस लावायचे नाही, रबर फुगते; साबणाचे पाणी लावायचे. शिवाय एका बाजूचे बदलले की दुसरीकडचेही बदलायचे.

इतक्यात मालक आला. “आवळून टाका दादा, शाळा सुटायची वेळ झाली.” दादांनी नट हातानेच लावले, गाडी खाली उतरवली, चाकांवर वजन येऊ दिले आणि मगच पान्ह्याने शेवटचे आवळले. हवेत लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो. तो पीळ कायम राहतो आणि नवा बुशही थोड्या दिवसांत फाटतो. बाहेरून कुणाला कळलेही नसते. मुलांना तर नाहीच नाही.

मजुरी ऐकून मालक म्हणाला, “एवढ्याशा रबराचे एवढे पैसे?” शॉकअपचे पैसे त्याने बिनबोभाट दिले होते, कारण तो चकचकीत माल हातात दिसला. दादांनी शोधून काढले, तिष्ठत बसून नीट केले, याची किंमत त्याला दिसेना. निम्मी मजुरी टेकवून तो गेला.

माझे स्पष्ट मत आहे की तपासणीचे पैसे वेगळे मागावेत आणि गिऱ्हाइकाने ते द्यावेत. डॉक्टर नुसती नाडी पाहतात, तरी आपण फी देतोच ना? तपासायला पैसे मिळत नसतील, तर गॅरेजवाला न तपासता माल बदलत सुटणार. तो दोष एकट्या त्याचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे भाड्याच्या गाड्यांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण दोन तपासण्यांच्या मध्ये खड्डे काही सुट्टीवर जात नाहीत. पालक महिन्याच्या भाड्याची घासाघीस करतात. गाडीखाली कोण, केव्हा वाकून बघते, हे विचारणारा पालक मी अद्याप पाहिलेला नाही.

ती ओम्नी पुन्हा आमच्याकडे आली नाही. रोज सकाळी आमच्या दारावरून जाते. गतिरोधक आला की दादा हातातले काम थांबवून ऐकतात. अजून आवाज नाही.