कालिया कोण होणार?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी मुलं ‘छोटा भीम’ खेळतात. आधी पात्रं वाटली जातात. भीम व्हायला चौघं पुढे येतात, तिथे भांडण होतं. चुटकीवरून होत नाही. खेळायला एकच मुलगी आली असेल तर ती चुटकी, तिला हवं असो वा नसो. भीमाचा मार खाणाऱ्या कालियावरूनही वाद नाही. दुसऱ्या मजल्यावरचा आठ वर्षांचा मुलगा आहे, अंगाने जाडसर, रंगाने काळा. सुरुवातीला सगळे त्याच्याकडे बोट दाखवायचे. मागच्या महिन्यात मी गॅलरीतून बघत होते. कोणी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, “मी कालिया.” आणि मार खायची पाळी येईपर्यंत खांबाला टेकून उभा राहिला.

हे ऐकून एक परिचित म्हणाले, “अहो, कार्टून ते! आम्ही नाही का चिऊकाऊच्या गोष्टी ऐकत वाढलो? आमचं काय बिघडलं?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर नीट द्यायलाच हवं.

मग चिऊकाऊचीच गोष्ट घेऊ. मराठी घरातल्या मुलाच्या कानावर पडणारी ही बहुधा पहिली गोष्ट. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं. कावळा भिजत दार ठोठावतोय आणि चिमणी आत बाळाला न्हाऊ घालतेय, पुसतेय, तीट लावतेय. जो काळा, त्याचं घर शेणाचं आणि जागा दाराबाहेर. जी आई, तिला बाळाच्या कामातून डोकं वर काढायला सवड नाही. आणि चिमणा? तो गोष्टीत कुठेच नाही, आणि तो कुठे गेला हे कोणी विचारतही नाही. हे सगळं आपण वरणभाताच्या घासाबरोबर भरवतो.

काहीच बिघडलं नसेल तर वधूवरांच्या जाहिरातींतलं ‘गोरी’ कुणी लिहिलं? ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि २०२० मध्ये नाव बदलेपर्यंत आपणच तिच्या ट्यूबा घरी आणत राहिलो. पंढरीच्या सावळ्यावर शेकडो वर्षं जीव टाकणारी आपली भाषा, आणि द्रौपदीचं तर एक नावच कृष्णा, म्हणजे काळी. तरी मुलीचा रंग जरा गडद दिसला की बारशालाच आवाज खाली येतात. सगळ्यांचंच सारखं बिघडलं, म्हणून कुणाचंच वेगळं दिसत नाही.

दुसरं म्हणणं असं, की एवढ्याशा मुलांना यातलं काय कळतंय? अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या आसपास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. बाकी सगळं सारखं, फरक फक्त रंगाचा. छान बाहुली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी दाखवली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलं रडू लागली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला. त्या मुलांना हे एकट्या कुठल्या चित्राने वा खेळण्याने शिकवलं नव्हतं, भोवतालच्या सगळ्या जगानेच शिकवलं होतं. पण तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही, हे मात्र त्यानंतर कुणी म्हणू नये.

कालिया हे नाव कालिया नागावरून आलं असेल, असंही कोणी म्हणेल. असेलही. पार्किंगमधली मुलं नाग शोधत नाहीत, आपल्यातला काळा कोण ते बघतात.

मग काय, बंदी घालायची? मुळीच नाही. २००८ पासून चालत आलेल्या या मालिकेने परदेशी कार्टूनांच्या गर्दीत मुलांना धोतरातला, लाडू खाणारा आपला नायक दिला, याचं मोल मी कमी करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मुलाला गोष्टीत उभं राहायला जागा लागते, आणि अशा जागा आपण फार थोड्या ठेवल्या आहेत. आपल्याकडे त्या होत्या. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा. त्याची सगळी मदार सायकलवर आणि डोक्यावर. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ लिहिला आणि ‘चिंगी’ही लिहिली. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात बाई डॉक्टर आणि वाहतूक पोलीस दाखवली, पुरुष पालेभाजी निवडताना आणि इस्त्री करताना दाखवला. खरं तर त्यावर घराघरांत बोलायला हवं होतं. पण तेव्हा सगळा महाराष्ट्र दुसरीच्याच गणितात ‘एकवीस’ऐवजी आलेल्या ‘वीस एक’वरून भांडत होता. ती चित्रं मात्र लाखो मुलांच्या दप्तरात गेली, आणि मला त्यांच्याकडून फार आशा आहे.

गेल्या रविवारी मी खाली गेले आणि त्या मुलाला म्हणाले, “आज तू भीम हो ना.”

“भीम असा नसतो, काकू,” तो म्हणाला.

मी पायरीवर बसले आणि त्याला महाभारतातला भीम सांगितला. त्याचं नाव वृकोदर, कारण त्याची भूक लांडग्यासारखी. पाच भावांत सगळ्यात थोराड तोच. बकासुरासाठी गाडाभर अन्न घेऊन गेला आणि राक्षस समोर उभा असताना ते स्वतःच खात बसला. बकासुराने पाठीत बुक्के घातले तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही, आधी जेवण संपवलं आणि मग उठला.

“सगळं गाडं?” त्याने विचारलं.

“सगळं.”

“परत सांगा.”

मी परत सांगितलं. बकासुर बुक्के मारू लागला तोवर तो खांब सोडून माझ्या शेजारी येऊन बसला होता.