व्हिएन्नाचा राजवाडा नको, व्हिएन्नाची घरे पाहा!

व्हिएन्ना म्हटले की मोझार्ट, कॉफीहाऊस आणि शोनब्रुनचा १४४१ खोल्यांचा राजवाडा, एवढेच आपल्यापुढे ठेवले जाते. आम्हाला मात्र ऑस्ट्रियाच्या या राजधानीतील दुसरी एक वास्तू महत्त्वाची वाटते. तिचे नाव कार्ल मार्क्स होफ. १९३० साली खुल्या झालेल्या, एक किलोमीटरहून लांब अशा या वसाहतीत महापालिकेने कामगारांसाठी सुमारे चौदाशे घरे बांधली. हे कुणाच्या दयेने झाले का? मुळीच नाही.

पहिल्या महायुद्धापूर्वी येथील कामगार कोंदट खोल्यांत राहत. नळ आणि शौचालय बाहेर, मजल्यावर सामायिक. ज्यांना खोली परवडत नसे ते काही तासांपुरती खाट भाड्याने घेत. क्षयरोग एवढा की त्याला ‘व्हिएन्नाचा आजार’ म्हणत. गरिबांना पालिकेत बरोबरीचे मत नव्हते. १८९७ ते १९१० महापौर असलेला कार्ल ल्युगर ज्यूद्वेषावर मते मिळवत होता. याच शहरात राहिलेल्या तरुण हिटलरने पुढे त्याचे कौतुक लिहून ठेवले.

१९१८ मध्ये साम्राज्य कोसळले. स्त्री-पुरुष सर्वांना समान मत मिळाले आणि १९१९ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाने पालिका जिंकली. १९२२ पासून व्हिएन्ना स्वतंत्र प्रांत झाले, म्हणजे कर लावण्याचा अधिकार हाती आला. अर्थखाते सांभाळणाऱ्या ह्युगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये घरबांधणी कर लावला. छोट्या घराला नाममात्र, आलिशान घराला चढत्या दराने. एकापेक्षा अधिक घरगुती नोकर, मोटारी, शर्यतीचे घोडे यांवरही कर बसला. त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे उभी राहिली. नेहमीचा लहान फ्लॅट ३८ चौरस मीटरचा, सुमारे ४०० चौरस फुटांचा. नळ आणि शौचालय घरातच. सोबत धुलाईघर, बालवाडी, वाचनालय, मोकळे अंगण.

त्याच दशकात मुंबईत ब्रिटिश सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि सामायिक शौचालय! दोन्हीकडे राहणारे कष्टकरीच. मग फरक कशाचा? एका ठिकाणी कष्टकऱ्यांनी निवडून दिलेले लोक नकाशा ठरवत होते, दुसऱ्या ठिकाणी परकी नोकरशाही.

पण मित्रांनो, मिळालेली सत्ता राखावीही लागते. फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉलफुस सरकारने कार्ल मार्क्स होफवर तोफा डागल्या, सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी घातली, महापौर कार्ल झाइत्स यांना अटक केली. १९३८ मध्ये हिटलर आला आणि शहरातील ज्यूंना घरांतून हुसकावले गेले. ल्युगरने पेरलेल्या विषाचे हे पीक होते. द्वेष वाढू दिला तर तो घरेही गिळतो आणि माणसेही.

युद्धानंतर शहराने ती परंपरा पुन्हा उचलली. आज तेथे पालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत.

आपल्याकडे पालिका निवडणूक म्हणजे गटार आणि दिवाबत्ती, असे समजून आपण मत देतो. आमचे म्हणणे एवढेच : मत मागायला येणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. कर कोणाकडून घेणार? आणि घर कोणाला देणार? उत्तर नसेल, तर आपले मतही नाही.