राखणाऱ्याचा मान

गेल्या पावसाळ्यांत आपल्या शाळेच्या फुटबॉल संघानें एक सामना एका गोलानें जिंकला. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं गोल करणाऱ्या विद्यार्थ्याचें नांव मीं सर्वांसमक्ष घेतलें, टाळ्या झाल्या, आणि आपलें कर्तव्य पार पडलें अशा समाधानानें मी वर्गावर गेलों. आठ दिवसांनीं संघांतील एका बॅकचे वडील मला भेटावयास आले. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं दोन सालापासून खेळते, पण एक गोल नाही केला त्यानं. नाव काढून टाका त्याचं; संध्याकाळी वावरात तरी कामी येईन."

ज्या सामन्यासाठीं टाळ्या झाल्या, त्याच्या अखेरच्या दहा मिनिटांत याच मुलानें तीन वेळां प्रतिपक्षाला आपल्या गोलासमोरून परतविलें होतें. तें मीं डोळ्यांनीं पाहिलें होतें; परंतु दुसऱ्या दिवशीं त्याचें नांव माझ्या तोंडून निघालें नव्हतें. मग त्या गृहस्थांना दोष देण्याचा मला काय अधिकार? जें शाळेनें सांगितलें नाहीं, तें घरानें जाणावें कसें? त्या चुकीची थोडीशी भरपाई व्हावी, म्हणून हा लेख लिहीत आहें.

फुटबॉलच्या खेळांत आक्रमण आणि बचाव अशीं दोन कामें असतात. पण दोहोंचा हिशेब एका मापानें होत नाहीं. पुढें खेळणारा गडी सहा संधींपैकीं पांच दवडतो, सहावीचा गोल करतो, आणि खांद्यावर बसून मैदानाबाहेर येतो. मागें खेळणारा पांच वेळां गोल वांचवितो, सहाव्या वेळीं त्याचा पाय निसटतो, आणि सारें गांव त्याच एका क्षणाची आठवण ठेवतें. एकाची कमाई दिसते. दुसऱ्याची दिसते ती केवळ चूक.

मग जो मनुष्य स्वतः न खेळतां इतरांना बचाव करावयास शिकवितो, त्याच्या आयुष्याचा हिशेब कोण ठेवणार? त्याचें सारें यश न घडलेल्या गोष्टींचें असतें. अमेरिकेंतील विद्यापीठांत फुटबॉल याच नांवाचा, पण लांबट चेंडू हातांत घेऊन खेळावयाचा एक निराळा खेळ आहे. तेथें आक्रमणाचे अकरा गडी वेगळे व बचावाचे अकरा वेगळे असतात, आणि बचावाचा शिक्षकहि स्वतंत्र नेमलेला असतो. मुख्य शिक्षक गेला कीं बहुधा त्यालाहि नवी जागा शोधावी लागते. तरीहि जन्मभर हेंच काम आवडीनें करणारीं माणसें तेथें आहेत. आपल्याकडे असा स्वतंत्र हुद्दा सहसा आढळत नाहीं. पण त्या जातीचीं माणसें आपल्यांतहि आहेत.

गोव्याचे श्री. महेश गवळी यांचें उदाहरण घेऊं. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमींत त्यांचें शिक्षण झालें. पुढें ईस्ट बंगाल, डेम्पो अशा नामांकित संघांतून व भारताच्या संघांतून ते खेळले. त्यांची जागा बचावाच्या मध्यभागीं. ज्या ईस्ट बंगाल संघानें २००३ सालीं जाकार्ता येथें आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्यांत ते होते. खेळणें संपल्यावर त्यांनीं शिकविण्याचें काम पत्करलें, आणि २०२३ सालीं ते भारतीय संघाचे सहाय्यक प्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षक होते क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच. तेहि बचावाचेच जुने खेळाडू. १९९८ च्या विश्वचषकांत तिसरा क्रमांक मिळविणाऱ्या आपल्या देशाच्या संघांत ते होते.

त्या वर्षीं दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा बंगळूर येथें झाली. स्टिमॅच यांना स्पर्धेंत दोनदां लाल कार्ड मिळालें, आणि उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत त्यांस मैदानाच्या कडेला उभें राहतां आलें नाहीं. ती जागा सहाय्यक गवळींनीं सांभाळली. उपांत्य सामन्यांत लेबनॉनला एकहि गोल करूं दिला नाहीं. आपलाहि झाला नाहीं. पेनल्टींवर भारत ४-२ असा जिंकला. ४ जुलै रोजीं अंतिम सामन्यांत कुवेतनें आधीं गोल केला, भारतानें बरोबरी साधली, आणि पुन्हां पेनल्टींवर ५-४ असा निकाल लागून भारताला ही स्पर्धा नवव्यांदा मिळाली. पांच सामन्यांत भारतावर फक्त दोन गोल झाले, आणि त्यांतला एक तर आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून आंत गेला होता. २०११ सालीं दोहा येथील आशिया चषकांत तीन सामन्यांत आपल्यावर तेरा गोल झाले होते. प्रतिपक्ष अधिक बलवान होते हें खरें. तरी दोन आणि तेरा या आंकड्यांमध्यें पुष्कळ दिवसांची शिकवणी आहे, असें मला वाटतें.

ही शिकवणी कशाची असते? धांवून जाऊन चेंडूवर तुटून पडणें हें बचावांतलें पहिलें पाप. पहिला धडा थांबण्याचा आहे: प्रतिपक्षी व आपला गोल यांच्यामध्यें राहावें, त्याचा वेग कमी करावा, आणि त्याला मैदानाच्या कडेकडे वळवावें. दुसरा धडा सोबतीचा: एक जण पुढें गेला कीं दुसऱ्यानें त्याच्या पाठीशीं यावें. तिसरा धडा एकजुटीचा: सर्वांनीं एका रेषेंत पुढें सरकावें. त्यांतील एकटा मागें रेंगाळला तर ऑफसाईडचा फायदा जातो आणि संबंध संघ फसतो. आणि चौथा, बोलण्याचा: मागच्याला सारें मैदान दिसतें, म्हणून त्यानें पुढच्यांना हांक द्यावी. यांतील एकहि गोष्ट एका दिवसांत येत नाहीं, आणि एकीलाहि टाळी मिळत नाहीं.

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांचें नांव येथें घेतलें पाहिजे. ते मूळचे शाळामास्तर. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें त्यांच्या हाताखालील भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. त्याच रहीमसाहेबांनीं चार वर्षांनीं मेलबर्न येथें भारताला चौथ्या स्थानापर्यंत नेलें, आणि १९६२ सालीं जाकार्ताच्या आशियाई खेळांत दक्षिण कोरियाला २-१ असें हरवून सुवर्णपदक मिळविलें. त्या सामन्यांतला एक गोल जर्नेलसिंगचा. तो बचावाचा नामांकित खेळाडू. डोक्याला जखम झालेली असतां रहीमसाहेबांनीं त्याला पुढें खेळविला होता. आज त्या विजयाची कथा सांगतांना आपण तो गोल हटकून सांगतों. कोरियाला एकाच गोलावर कोणी रोखून धरलें, हें मात्र क्वचितच सांगतों. बचाव करणाऱ्याचीहि कीर्ति झाली, ती त्यानें गोल केला तेव्हां!

कोणी म्हणेल, "गोल केल्यावांचून सामना जिंकतां येतो काय?" नाहीं येत. आक्रमण करणाऱ्याचा मान कमी करावा असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. पण एका गोलानें जिंकलेल्या सामन्यांत तो एक गोल पुरेसा कां ठरला, एवढा प्रश्न तरी आपण विचारावा. शाळेंत आपण ज्याला शिक्षण म्हणतों, त्याचाहि निम्मा भाग राखण्याचाच आहे. विद्यार्थ्यानें व्यसन केलें नाहीं, खोटी सही केली नाहीं, दुबळ्या मुलाला मार बसूं दिला नाहीं, या गोष्टी प्रगतिपुस्तकांत कोठेंच उमटत नाहींत. ज्या आईच्या जागरणामुळें हें साधलें, तिचें नांव बक्षीस समारंभांत कोणी घेत नाहीं.

त्या पालकांना मीं हें सारें सांगितलें नाहीं. मीं एवढेंच विचारलें कीं, हरभरा उभा असतो तेव्हां रात्रीं जागल कोण करतो? ते म्हणाले, "मीच करतो. नाही तर डुकरं अन् रोही एका रात्रीत वावर साफ करतात." मीं म्हटलें, "माल घरीं आल्यावर पोतीं मोजतां. जागलीच्या रात्री कोणी मोजतें काय? तुमचा मुलगा आमच्या गोलाची जागल करतो." ते बराच वेळ गप्प बसले. मग हंसून म्हणाले, "बरं, खेळू द्या. पण सुगीत सुट्टी द्याल."

तेव्हां पालकहो, मुलगा सामन्याहून घरीं आल्यावर "किती गोल केलेस?" या प्रश्नासोबत "किती वांचविलेस?" हेंहि विचारीत जा. आणि विद्यार्थिमित्रहो, मागें उभें राहण्याचें काम वांट्याला आलें तर तें कमीपणाचें मानूं नका. आपल्या सामन्यांच्या वहींत आजवर गोल करणाऱ्यांचींच नांवें लिहिलीं जात. या वर्षापासून मीं तींत दुसरा एक रकाना आंखला आहे. त्यांतलें पहिलें नांव त्या मुलाचें आहे.